एका तारखेची कुंडली



आपणांपैकी पुष्कळ कुटुंबांना धम्मदीक्षा घेऊन अद्याप फार काळ लोटलेला नाही. भिंतीवरचे देव उतरविले, देव्हारा काढला, सत्यनारायण बंद झाला, दरवर्षी पंचांग विकत आणणे थांबले. हे सर्व आपण निश्चयाने केले आणि ते करताना कित्येकांना भावकीचा, गावाचा, क्वचित सासरच्या माणसांचाही रोष सहन करावा लागला. परंतु पंचांग घरातून जाते तितक्या लौकर ते मनातून जात नाही. मुलीचे लग्न ठरले की घरातील आजी हळूच विचारते, "दिवस चांगला आहे ना रे?" नातू उत्तर देतो, "आजी, चौदा एप्रिल आहे. याहून शुभ दिवस कोणता?" आजीचे समाधान होते. माझे होत नाही. चौदा एप्रिलला लग्न लावू नये असे मी मुळीच म्हणत नाही. त्या दिवशी सुट्टी असते, नातलग जमतात, मनाला आनंद असतो. पण त्या दिवशी लावलेले लग्न अधिक सुखाचे होते अशी समजूत जर आजीच्या मनात राहिली, तर भटजीच्या मुहूर्ताच्या जागी आपण बाबासाहेबांच्या नावाचा मुहूर्त बसविला, एवढेच काय ते घडले.

या बाबतीत आपल्या परंपरेत एक जुनी कथा आहे. नक्खत्त जातक असे तिचे नाव. खेड्यातील एका कुटुंबाने श्रावस्तीतील एका मुलीला आपल्या मुलासाठी मागणी घातली. उभयपक्षी दिवस ठरला. मग वरपक्षाने आपल्या ओळखीच्या एका नग्न साधूला विचारले, "महाराज, या दिवशी नक्षत्र अनुकूल आहे ना?" साधूला राग आला. दिवस ठरविताना मला विचारले नाही आणि आता विचारतात! त्याने सांगितले, नक्षत्र प्रतिकूल आहे, त्या दिवशी लग्न केलेत तर सर्वनाश होईल. झाले, वऱ्हाड निघालेच नाही. इकडे श्रावस्तीत मंडप घालून बसलेल्या वधूपित्याने वाट पाहिली आणि मुलगी दुसऱ्या मुलाला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आले तेव्हा भांडणाखेरीज हाती काही लागले नाही. तथागतांनी या प्रकरणावर जो अभिप्राय दिला, त्याचा आशय असा की, मुलगी मिळणे हेच त्यांचे नक्षत्र होते. आकाशातील ताऱ्यांचा तेथे संबंध काय? आपण वंदनेच्या वेळी ज्या मंगलसुत्ताचे पठन करतो, त्यातही मंगल कशाला म्हणावे याची भली मोठी यादी आहे. मातापित्यांची सेवा आहे, निर्दोष उद्योग आहे, विद्या आणि शिल्प आहे. वार, तिथी, नक्षत्र यांपैकी एकही त्यात नाही.

आता आपण एक तारीख घेऊ आणि तिची कुंडली मांडू. ग्रहांचे काम नाही; त्या तारखेला माणसांनी काय काय केले तेवढेच पाहू. तारीख मी मुद्दाम अशी निवडली आहे की जी आपलीही आहे आणि आपल्या आधी इतरांची होती. ती म्हणजे २५ डिसेंबर.

ही तारीख आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या नाताळची. येशू ख्रिस्त त्या दिवशी जन्मला असे सारे जग समजते. पण बायबलातील चारही शुभवर्तमाने चाळली तरी त्यांत जन्माची तारीख सापडत नाही. इ. स. ३५४ साली रोममध्ये तयार झालेल्या एका पंचांगवजा ग्रंथात २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून नोंदलेला आढळतो. आणि गंमत अशी की, त्याच ग्रंथात त्याच तारखेपुढे 'अजिंक्या'चा जन्मदिवस अशीही नोंद आहे. रोमन लोक 'अजिंक्य सूर्य' म्हणून एका देवाची पूजा करीत. डिसेंबरच्या अखेरीस दिवस पुन्हा मोठा होऊ लागतो, त्या सुमारास त्याचा उत्सव. सूर्याचा सण ख्रिस्ताने घेतला की ख्रिस्ताचा दिवस पाहून सूर्याला तो दिला गेला, यावर विद्वानांचा वाद आजही मिटलेला नाही. आपणांस त्या वादात पडण्याचे कारण नाही. एक तारीख दोन देवांच्या नावे एकाच वहीत मांडलेली आहे, एवढे आपण ध्यानात ठेवू.

पुढची गोष्ट याहून विलक्षण. ज्यांचा हा सण, त्यांनीच तो एके काळी बंद केला होता. इंग्लंडात राजाविरुद्ध उठलेल्या प्युरिटन पंथीयांच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळ पाळण्यास बंदी घातली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ सालच्या कायद्याने नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठेवला होता आणि तो कायदा १६८१ पर्यंत चालला. स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. म्हणजे आपल्या नागपूरच्या दीक्षेनंतर दोन वर्षांनी! या बंदीवाल्यांचे म्हणणे सरळ होते: धर्मग्रंथात या दिवसाला आधार दाखवा. भक्तीत मुरलेल्या माणसांनी आपल्याच धर्माच्या सणाला असा प्रश्न विचारला, याचे मला कौतुक वाटते, जरी बाकी बाबतींत त्यांचा कडवेपणा मला रुचणारा नाही.

आणि ती तारीख तरी एका जागी स्थिर आहे काय? पोप ग्रेगरी यांनी १५८२ साली कालगणना सुधारली तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर आला. मधले दहा दिवस कागदावरून पुसले गेले. इंग्लंडने ही सुधारणा १७५२ साली, म्हणजे एकशेसत्तर वर्षांनी स्वीकारली. त्यामुळे थोर शास्त्रज्ञ आयझॅक न्यूटन इंग्लंडच्या जुन्या गणनेप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ रोजी जन्मले आणि नव्या गणनेप्रमाणे ४ जानेवारी १६४३ रोजी. आई एक, बाळ एक, रात्र एक. तारखा दोन आणि सालेही दोन. रशियातील सनातन चर्च आजही जुनी गणना मानते, म्हणून त्याचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला उजाडतो. आपल्या देशात १९५७ साली सरकारने जी राष्ट्रीय शक कालगणना लागू केली, तिच्यात हाच दिवस ४ पौष आहे. आता ज्या आजींना शुभ दिवस हवा असेल त्यांनी सांगावे, शुभत्व यांपैकी कोणत्या अंकात शिरले आहे?

तारीख म्हणजे काळाच्या दोरीवर मारलेली गाठ. गाठ आपणच मारतो, मोजण्याच्या सोयीसाठी.

इथवर गमतीची गोष्ट झाली. आता कुंडलीतील कठीण घरे आली आहेत.

अमेरिकेत गुलामगिरी चालू होती तेव्हा गुलामांना वर्षभर श्रम आणि नाताळपासून नववर्षापर्यंत सुट्टी, अशी अनेक ठिकाणी वहिवाट होती. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामीत जन्मलेले, पळून जाऊन स्वतंत्र झालेले आणि पुढे गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचे मोठे वक्ते बनलेले गृहस्थ. १८४५ साली त्यांनी आपले आत्मवृत्त प्रसिद्ध केले. त्यात या सुट्टीचे मर्म त्यांनी उघड केले आहे. मालक ही सुट्टी दयेने देत नसे. त्या दिवसांत गुलामांनी भरपूर दारू प्यावी, धिंगाणा घालावा, शुद्ध हरपावी, अशी मालकाची इच्छा असे. जो गुलाम प्यायला नाही त्याच्याकडे तो संशयाने पाही. सुट्टी संपली की डोके धरून उठलेल्या गुलामाला वाटावे, हेच जर स्वातंत्र्य असेल तर त्याहून शेतावरचे काम बरे. वाफेच्या यंत्राला जशी वाफ सोडण्याची झडप असते, तशी ही सुट्टी. हे वाचताना मला आपल्या काही जयंतीच्या मिरवणुका आठवतात. ज्या महापुरुषाने दारू पिणार नाही अशी प्रतिज्ञा आपल्याकडून म्हणवून घेतली, त्याच्याच रथापुढे जी पोरे झिंगून नाचतात, त्यांना नाचविणारा कोण, हे एकदा शोधून पाहावे.

परंतु त्याच सुट्टीचा दुसरा उपयोगही गुलामांनी करून दाखविला. जमैका बेट तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होते. उसाचे मळे आणि त्यांवर राबणारे तीन लाख गुलाम. सॅम्युएल शार्प हा गुलाम असून बाप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशाचे काम करी. लिहिता-वाचता येत असल्याने इंग्लंडात गुलामगिरीविरुद्ध काय चालले आहे ते वर्तमानपत्रांतून त्याला कळे आणि प्रार्थनेच्या निमित्ताने जमलेल्या लोकांना तो ते सांगे. १८३१ च्या नाताळची सुट्टी संपल्यावर मजुरी दिल्याखेरीज कोणीही कामावर जावयाचे नाही, असा बेत त्याने आखला. सण हा निरोप पोहोचविण्याचा काळ ठरला. २७ डिसेंबरच्या रात्री एका मळ्याला आग लागली आणि संपाचे बंडात रूपांतर झाले. साठ हजारांपर्यंत गुलाम त्यात सामील झाले. सैन्याने ते चिरडले. पुढे तीनशेहून अधिक गुलामांना देहान्त शासन झाले. शार्पला २३ मे १८३२ रोजी फाशी दिले. पण १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटला आपल्या वसाहतींतील गुलामगिरी नष्ट करण्याचा कायदा करावा लागला. एकाच सुट्टीत काही माणसे दारू प्याली आणि काही माणसांनी आपल्या सुटकेचा विचार केला. तारखेचा दोष नाही आणि तारखेचे श्रेयही नाही.

आणखी एक नोंद करून अमेरिकेचा निरोप घेऊ. तेथे गुलामगिरी टिकविण्यासाठी दक्षिणेच्या राज्यांनी युद्ध केले, ते हरले, गुलाम कायद्याने मुक्त झाले. मग २५ डिसेंबर १८६८ रोजी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्या युद्धात बंडखोरी केलेल्या सर्वांना बिनशर्त माफी जाहीर केली. गुलामांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या श्रमांचे मोल मात्र त्या नाताळला किंवा पुढच्या कोणत्याही नाताळला कोणी चुकते केले नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला, हे आपण जाणताच. त्या अर्पणपत्रिकेमुळे अमेरिकेची ही हकीकत आपल्याला परकी राहत नाही.

आता आपल्या देशात येऊ. इंग्रजी राज्यात नाताळच्या आठवड्यात कचेऱ्या, न्यायालये, शाळा बंद असत. त्यामुळे सभा-परिषदा भरविण्याचा तो हंगाम झाला. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशनही १८८५ च्या डिसेंबरअखेरीस मुंबईत भरले होते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला जी सत्याग्रह परिषद भरली ती याच हंगामात, २५ पासून २७ पर्यंत. राज्यकर्त्यांच्या धर्मातील सणाची सुट्टी, तिचा लाभ घेऊन भरलेली अस्पृश्यांची परिषद आणि तिच्यात ब्राह्मणी धर्मशास्त्राची होळी! कोणत्या ज्योतिषाने ही कुंडली आधी मांडली असती?

महाडची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असल्याचे मान्य केले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे उघडले, काठावर ते बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे त्या तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि परत येताना त्यांच्यावर हल्ला झाला, डोकी फुटली. म्हणून डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करावयाचे ठरले. तोच स्पृश्यांनी दिवाणी न्यायालयात जाऊन तात्पुरता मनाईहुकूम मिळविला.

मुंबईहून मंडळी २४ डिसेंबरला 'पद्मावती' बोटीने निघाली आणि २५ ला दुपारी दासगावच्या बंदरात उतरली. तेथून महाड सुमारे पाच मैल. सत्याग्रही जयघोष करीत पायी चालत गेले. महाडात परिषदेला कोणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. बाजारात व्यापारी सामान देईनात. शिधा बाहेरून आणावा लागला. अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी या परिषदेची तुलना फ्रान्समध्ये १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या राष्ट्रसभेशी केली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, चवदार तळ्याचे पाणी प्यालो नाही म्हणून आपण आजवर मेलो नाही आणि ते प्यालो म्हणून अमरही होणार नाही. प्रश्न पाण्याचा नसून इतरांप्रमाणे आम्हीही माणसे आहोत की नाही हा आहे. परिषदेने माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला बापूसाहेब सहस्रबुद्धे यांनी. ते जन्माने ब्राह्मण. अनुमोदन दिले पां. ना. राजभोज यांनी. मंडपासमोर एक खड्डा खणून त्यात चंदनाची लाकडे रचली होती आणि रात्री नऊच्या सुमारास बापूसाहेबांच्या व काही अस्पृश्य साधूंच्या हस्ते ते पुस्तक अग्नीच्या स्वाधीन करण्यात आले.

एका पुस्तकाला कोणी एवढे का भ्यावे, असे आज एखादा शिकलेला मुलगा विचारील. तेव्हाही विचारले गेले. मनुस्मृती आता कोण मानतो, जुने कागद जाळून काय मिळविलेत, असे टीकाकार म्हणाले. बाबासाहेबांनी विदेशी कापडाच्या होळीचे उदाहरण देऊन उत्तर दिले: कापड जाळणाऱ्यांचा राग जसा सुतावर नव्हता, तसाच आमचा राग कागदावर नाही. आणि हेही विसरू नका की, ज्यांच्या परिषदेत तो ग्रंथ जळाला त्यांच्याइतका बारकाईने तो ग्रंथ वाचणारे त्या काळात थोडेच होते. पुढील आयुष्यात शूद्र, अस्पृश्य आणि स्त्रिया यांच्याविषयी लिहिताना मनूचे वचन अन् वचन त्यांनी समोर ठेवले. जाळणे झाले म्हणून वाचण्यातून आपली सुटका होत नाही. मी स्वतः तर म्हणेन की आधी वाचावे. शूद्राने अंगी सामर्थ्य असले तरी धनाचा संचय करू नये, चांडाळाने गावाबाहेर राहावे आणि प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, स्त्रीने बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या ताब्यात राहावे, या आज्ञा तेथे आहेत. यांपैकी धनसंचयाची आज्ञा लक्षात ठेवा. मला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

त्याच परिषदेच्या प्रसंगी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. जातीची खूण ठरलेले जुन्या तऱ्हेचे लुगडे नेसणे आणि गळ्या-हातांतील जड दागिने सोडा, मुलींना शिकवा, असा त्यांचा उपदेश होता. पुष्कळ स्त्रियांनी तेथल्या तेथे लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलली. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात महाराष्ट्रातील दलित स्त्री-संघटनांनी २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळण्यास आरंभ केला, तो योग्यच होय. ८ मार्च त्यांनी सोडला नाही. पण आपल्या आज्या-पणज्यांची तारीख त्यांनी शोधून काढली.

सत्याग्रह मात्र त्या वेळी झाला नाही. न्यायालयाचा मनाईहुकूम मोडावयाचा नाही असे ठरले, मिरवणूक काढण्यात आली आणि मंडळी घरी परतली. मनात धुमसणाऱ्या माणसांना परत जा म्हणून सांगणे हे पुस्तक जाळण्याहून कठीण काम होते, असे मला नेहमी वाटते. खटला चालू राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. तळ्यावरील हक्काला दहा वर्षे लागली.

महाडनंतर सत्तावीस वर्षांनी हीच तारीख पुन्हा येते, पण तिचा रंग वेगळा आहे. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळ देहूरोड येथे त्यांच्या हस्ते भगवान बुद्धांच्या मूर्तीची स्थापना झाली. मूर्ती रंगूनहून आणलेली, विहार वस्तीतील लोकांनी उभारलेला. तुकोबांचे देहू तेथून हाकेच्या अंतरावर. पंढरपूरचा विठोबा ही मूळची बुद्धाचीच मूर्ती असल्याचे आपले मतही त्यांनी तेथे बोलून दाखविले. नागपूरची दीक्षा अजून जवळजवळ दोन वर्षे दूर होती. महाडला एक ग्रंथ खाली ठेवला गेला. त्याच्या जागी काय यावयाचे ते देहूरोडला दिसू लागले. ही तारीख जाणून निवडली की योगायोगाने आली, हा प्रश्न मला कित्येकांनी विचारला आहे. त्याचे उत्तर काहीही असो, विहाराची वीट त्याने हलत नाही.

येथे थांबलो असतो तर कुंडली मोठी शुभ निघाली असती. पण पुढची नोंद गाळली तर मी आपल्याशी प्रामाणिक राहणार नाही.

२५ डिसेंबर १९६८. तमिळनाडूत, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यात, कीळवेण्मणी नावाचे खेडे आहे. कावेरीच्या मुखाकडचा तो भाताचा सुपीक प्रदेश. जमीन मोजक्या जमीनदारांची, राबणारे हात भूमिहीन अस्पृश्यांचे. तेथील मजुरांनी लाल बावट्याखाली संघटना बांधली आणि भाताच्या मापात मिळणारी मजुरी थोडी वाढवून मागितली. जमीनदारांचीही संघटना होती. बावटा सोडा, असा तिचा आग्रह होता आणि बाहेरगावचे मजूर आणून पीक कापले जात होते. तंटा वाढत गेला. त्या रात्री जमीनदारांची माणसे हत्यारांनिशी वस्तीवर चालून आली. पुरुष पळाले. स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे एका लहानशा झोपडीत शिरली. झोपडीला बाहेरून आग लावण्यात आली. ४४ माणसे जळून मेली, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले.

महाडच्या रात्रीला तेव्हा एकेचाळीस वर्षे झाली होती. राज्यघटना अठरा वर्षांची होती. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली होती आणि अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरविणारा १९५५ चा कायदाही पुस्तकात होता. खालच्या न्यायालयाने काही जमीनदारांना शिक्षा दिली. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. मोटारी बाळगणारी अशी धनवान आणि प्रतिष्ठित माणसे स्वतः पायी चालत जाऊन आग लावतील हे संभवत नाही, अशा आशयाचा विचार त्या निकालपत्रात आहे. आता मनूची ती धनसंचयाची आज्ञा आठवा. कीळवेण्मणीच्या मजुरांनी देवळात प्रवेश मागितला नव्हता, तळ्यावर हक्क सांगितला नव्हता. थोडेसे जास्त भात मागितले होते. महाडच्या खड्ड्यात जो ग्रंथ जळाला, त्याची एक प्रत त्या भातशेतीच्या बांधावर शिल्लक होती, छापलेली नव्हे, माणसांच्या डोक्यात लिहिलेली. पुस्तक जाळण्यास एक रात्र पुरते. ही प्रत कशी जाळावयाची?

तिचे उत्तर मला त्याच गावाच्या पुढच्या हकीकतीत थोडेसे दिसते. कृष्णम्माळ जगन्नाथन या दलित भूमिहीन घरात जन्मलेल्या सर्वोदयी कार्यकर्त्या. त्या घटनेनंतर त्या आणि त्यांचे पती त्या भागात काम करावयास गेले. १९८१ साली त्यांनी संस्था काढली आणि जमीनदारांकडून जमिनी मिळवून भूमिहीन कुटुंबांत वाटल्या, त्याही स्त्रियांच्या नावावर. जमीन दलिताच्या नावावर आणि दलितातही स्त्रीच्या नावावर! एका सात-बाराच्या उताऱ्यावर मनूच्या दोन आज्ञा मोडतात. इकडे संसदेने १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा केला. त्याखाली फिर्याद लिहून घेण्यास आजही किती खेपा घालाव्या लागतात, ते आपणांतील कित्येकांना ठाऊक आहे. कीळवेण्मणीत त्या ४४ जणांचे स्मारक आहे आणि दर २५ डिसेंबरला तेथे माणसे जमतात.

मला विचारतात की, मग आम्ही या दिवशी घरी काय करावे? मेणबत्ती लावा, वंदना म्हणा, त्याला माझा विरोध कशासाठी असेल? पण मी माझ्या घरी एक वही ठेवली आहे. तिच्यात दर २५ डिसेंबरला आम्ही थोडे प्रश्न वाचतो आणि उत्तरे लिहितो. घरातील जमिनीच्या किंवा खोलीच्या कागदावर कोणाकोणाची नावे आहेत. सुनेचे आहे काय? मुलगी कोणत्या इयत्तेत आहे आणि तिचे शिक्षण पुढे कुठवर न्यावयाचे ठरले? या वर्षी कोणत्या कामाची मजुरी कमी घेतली आणि का? आपल्याहून खालची म्हणून ठरविलेल्या जातीतील कोणाच्या घरी आपण जेवलो काय? हा शेवटचा प्रश्न आमच्या घरात सर्वांत अवघड गेला. दोन वर्षे त्याच्यापुढे कोरी जागा राहिली. तिसऱ्या वर्षी थोरल्या सुनेने तेथे एका कुटुंबाचे नाव लिहिले.

येत्या २५ डिसेंबरला आपल्यापैकी काही मंडळी महाडला जाणार आहेत असे समजते. मोटार थेट तळ्यापर्यंत जाते, हे खरे. शक्य असेल त्यांनी दासगावला उतरावे, मुलांना खाडी दाखवावी आणि बोट कोठे लागली ते सांगावे. ऊन कलले की पुढचे पाच मैल पायी चालावेत; वाट सरळ आहे, धडधाकट माणसाला दोन तास पुरतात.